इंद्रायणीकाठची सभ्य माणसे

दिवाळी अंकात भांडण काढू नये असा संकेत आहे. फराळाच्या ताटात चकली चालते, चिमटा चालत नाही. तरी वाचकांची क्षमा मागून आज मी भांडण काढतो आहे. कारण ते ज्यांच्याशी आहे त्यांत मी स्वतःही येतो.

निमित्त एका मालिकेचे. २०१४ साली तुकाराम महाराजांवरची 'तू माझा सांगाती' टीव्हीवर सुरू झाली आणि काही वर्षे चालली. चिन्मय मांडलेकर त्यात तुकाराम झाले होते. आमच्या महालातल्या घरी दिवेलागण झाली की आई टीव्हीसमोर बसे. मालिका वाईट होती असे मी म्हणत नाही. ज्या गोष्टीने आईचे डोळे भरून येतात तिला वाईट म्हणण्याचे धाडस निदान दिवाळीत तरी कोणी करू नये. माझी तक्रार आहे ती मंबाजीबद्दल.

मंबाजी पडद्यावर आला की आई "आला मेला!" म्हणे आणि जरा सैलावून बसे. हे सैलावणेच मला खुपते. १९३६ च्या प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये हेच काम सालोमालो करतो. दामले-फत्तेलालांचे दिग्दर्शन, विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला तो चित्रपट. मी तो कितीदा पाहिला याची मोजदाद नाही. पण तिथेही रामेश्वरशास्त्री येतात ते सालोमालोने कान फुंकले म्हणून. म्हणजे काय, तर कवीच्या मुळावर येतो तो एक लबाड, मत्सरी, तोंड वाकडे करून हसणारा इसम. असा इसम एकदा दाखवला की प्रेक्षक निर्दोष सुटतो. आपण काही मंबाजी नाही, हे ज्याचे त्याला ठाऊक असते!

परंपरेने सांगितलेली गोष्ट मात्र इतकी सोयीची नाही. वाघोलीचे रामेश्वर भट्ट हे विद्वान, आचारनिष्ठ आणि लोकमान्य गृहस्थ होते. शूद्राने प्राकृतात वेदार्थ सांगू नये असे त्यांना मनापासून वाटत होते, आणि त्या काळच्या बहुतेक सभ्य माणसांनाही ते योग्यच वाटत असावे. पुढे हेच रामेश्वर भट्ट तुकोबांचे शिष्य झाले आणि त्यांनी तुकोबांची आरती रचली. ती आजही म्हटली जाते. वह्या बुडवायला सांगणारा आणि आरती लिहिणारा माणूस एकच. एवढे मोठे नाट्य हाताशी असताना आम्हांला मंबाजी लागतो!

तुकोबांनी वह्या खरोखरच इंद्रायणीत नेऊन सोडल्या. याच नदीत त्यांनी पूर्वी आपल्या वाट्याची कर्जखतेही बुडवली होती असे सांगतात; भाऊ कान्होबाची त्याला वेगळी काढून दिली. ती खते स्वखुशीने गेली, या वह्या दुसऱ्याच्या हुकमाने. त्यांनी हुकूम पाळला, पण लिहिले ते चुकले असे कबूल केले नाही. काठावर अन्नपाणी सोडून तेरा दिवस बसले आणि जाब देवालाच विचारला. कवीचे स्वातंत्र्य म्हणजे काय हे मला कोणी विचारले तर मी ते तेरा दिवस दाखवीन. वह्या तरतील हे त्यांना ठाऊक नव्हते. आपल्याला ठाऊक असते, म्हणून आपण निवांत बघतो.

नववीच्या वर्गात मी एकदा विचारले, "वह्यांचे काय झाले?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "तरल्या!" बुडवायला कोणी सांगितल्या, हे कोणाला सांगता येईना. शेवटच्या बाकावरच्या एका पोराने मात्र मलाच विचारले, "सर, तेरा दिवस गावातले लोक काय करत होते?" घंटा झाली म्हणून मी वाचलो.

गावातले लोक काय करतात ते मी २००९ साली पाहिले होते. आनंद यादव यांची महाबळेश्वरच्या ८२ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून निवड झाली होती. त्यांच्या 'संतसूर्य तुकाराम' या कादंबरीतल्या तुकोबांच्या तरुणपणाच्या चित्रणावर वारकरी मंडळी संतापली. यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतले. तरी भागले नाही. त्यांना अध्यक्षपद सोडावे लागले आणि संमेलन अध्यक्षाविनाच पार पडले. 'झोंबी'सारखे पुस्तक लिहिणारा माणूस, आणि त्याची खुर्ची रिकामी! ती कादंबरी मला स्वतःला फार रुचली नव्हती, हेही सांगून टाकतो. पण न रुचलेले पुस्तक मिटून ठेवायचे असते, बुडवायचे नसते. आणि हे करणारे मंबाजी नव्हते हो! तुकोबांचे अभंग गात पंढरीला पायी जाणारी, माझ्या आईसारखी सालस माणसे होती. त्यांचे दुखावणे खरे होते. रामेश्वर भट्टांचेही खरेच होते. यादव २०१६ मध्ये गेले. त्यांच्या वाट्याला चौदावा दिवस आला नाही.

हा देहू-आळंदीकडचा मामला म्हणून आम्हां नागपूरकरांनी हात झटकू नयेत. गजानन माधव मुक्तिबोध घरात मराठी बोलत आणि कविता हिंदीत लिहीत. इथल्या आकाशवाणीत आणि 'नया खून' साप्ताहिकात त्यांनी वर्षे काढली. त्यांच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकावर १९६२ साली मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली, आणि १९६४ मध्ये ते वारले. त्यांच्यावर कोणी मालिका काढलीच, तर तिच्यातही एखादा मंबाजी शोधून काढतील याची मला खात्री आहे.

आता माझ्याविषयी. २००९ च्या त्या महिन्यांत माझी पहिली कादंबरी छापायला जायची होती. तीत एका कीर्तनकाराचे प्रकरण होते. माणूस काल्पनिक, भला, पण एका बाबतीत घसरलेला. मला कोणी धमकी दिली नाही, पत्र आले नाही, दार कोणी ठोठावले नाही. एका रात्री मी स्वतःच ती एकवीस पाने काढली आणि पुढच्या पानांचे आकडे बदलले. सकाळी शाळेत जाऊन तुकोबांचा अभंग शिकवला. पुस्तक बरे खपले. मध्ये काही गळले आहे असे एकाही परीक्षणकाराला वाटले नाही.

ती पाने कपाटात आहेत. गेल्या उन्हाळ्यात काढून वाचली. दोन ठिकाणी भाषा कच्ची आहे, ती दुरुस्त केली. नव्या आवृत्तीत ती घाला असे प्रकाशकांना लिहिले आहे. उत्तर अजून यायचे आहे.