चित्रफीत लहान करून पाठवावी काय?

शाळेच्या वार्षिकात असल्या विषयावर लिहावे काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उभा राहील. सद्वर्तन, व्यायाम, ग्रंथवाचन, काटकसर हे आमच्या मराठी विभागाचे ठरलेले विषय. त्यांच्या पंगतीस मोबाइलवरील चित्रफीत, म्हणजे ज्यास आपण सर्व व्हिडिओ म्हणतो ती, कशी बसावी? परंतु हा विषय काटकसरीचाच आहे, आणि तोही स्वतःच्या नव्हे तर दुसऱ्याच्या पैशाच्या काटकसरीचा आहे, असे आमचे मत असल्यामुळे आम्ही लेखणी उचलली आहे.

२०२० सालच्या मार्च महिन्यात शाळा बंद झाल्या व धडे मोबाइलवरून घरोघर जाऊ लागले. त्या वेळी शिक्षक व पालक ह्यांचे जे व्हॉट्सॲप ग्रुप निर्माण झाले, ते शाळा उघडल्यावरही मोडले नाहीत. आता स्नेहसंमेलनातील नाच, क्रीडादिनाची शर्यत, नाताळचा कार्यक्रम, सर्व काही त्याच वाटेने घरी पोहोचते. ह्यात आनंदाची गोष्ट पुष्कळ आहे. जी माता मजुरीचा दिवस बुडवून संमेलनास येऊ शकत नाही, तिला आपले लेकरू रंगमंचावर दिसते. परंतु वरवट बकाल व भोवतालच्या खेड्यांतील आमच्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी मोबाइल एकच असतो. तो दिवसभर वडिलांबरोबर शेतात वा बाजारात असतो आणि दिवेलागणीनंतर मुलांच्या हाती येतो. त्या एका मोबाइलात जागा किती व त्याच्या रिचार्जात नेट किती, हा विचार पाठविणाऱ्याने करावयाचा आहे.

थोडे गणित करू. आजच्या साधारण मोबाइलवर १०८० रेषांची, म्हणजे चांगल्यापैकी स्पष्ट, चित्रफीत घेतली तर एका मिनिटास सुमारे १३० एमबी लागतात. पाच मिनिटांच्या नाचास ६५० एमबी झाले. ज्या घरी रोज दीड जीबीचे रिचार्ज आहे, तेथील त्या दिवसाचा जवळजवळ निम्मा शिधा एका नाचात संपला. ग्रुपमध्ये ६० पालक असतील तर सर्वांचे मिळून ३९ जीबी खर्च झाले. तीच चित्रफीत ७२० रेषांची करून नीट लहान केली, तर मिनिटास ११ एमबींच्या आसपास भागते. पाच मिनिटांस ५५ आणि साठ घरांस मिळून सुमारे सव्वातीन जीबी. मोबाइलच्या तळहाताएवढ्या काचेवर ह्या दोहोंतला भेद बहुतेकांस ओळखूही येणार नाही. पाठविणारा एक बोट लावतो आणि खर्च साठ घरे सोसतात, हे विसरून कसे चालेल?

लहान करणे म्हणजे काय, हे आमच्या भागातील मुलांस कापसावरून चटकन समजेल. सुमारे पाच क्विंटल कापसातून सरकी निघून जी रुई उरते, ती प्रेसमध्ये दाबून १७० किलोची एक गाठ बनते. खामगावची कापसाची पेठ एके काळी दूरवर प्रसिद्ध होती. जलंबपासून खामगावापर्यंतचा लोहमार्गाचा फाटा १८७० साली सुरू झाला, तो मुख्यतः ह्या कापसाकरिताच. मोकळी रुई डब्यात भरली असती तर आगगाडीने बहुधा वाराच वाहून नेला असता. गाठ झाली म्हणून कापूस सातासमुद्रांपलीकडे गेला. तथापि येथे एक महत्त्वाचा भेद आहे. गाठ सोडली म्हणजे रुई पुन्हा फुलते, दाबल्याने तिचा एक तंतूही कमी होत नाही. लेख वा हिशेब झिप करून पाठविले तर त्यांचेही तसेच होते. चित्रफितीचे मात्र तसे नाही. तेथे दाबताना काही भाग टाकूनच द्यावा लागतो, व जो टाकला तो कोणत्याही उपायाने परत येत नाही. ह्या दृष्टीने चित्रफीत गाठीपेक्षा सरकी काढण्याच्या क्रियेस अधिक जवळची आहे. फरक एवढाच, की येथे सरकी जपून ठेवण्याची सोय नाही.

टाकावयाचे काय, हे ठरविण्याची विद्या मोठी सुंदर आहे, आणि तिच्या मुळाशी आपल्याच देशात जन्मलेला एक गृहस्थ आहे. बंगळुरास जन्मलेले नासिर अहमद हे अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात प्राध्यापक होते. चित्रातील ज्या बारीक चढउतारांकडे मनुष्याच्या डोळ्याचे लक्ष जात नाही, ते वेगळे काढून दाखविणारी एक गणिती रीत त्यांस सुचली. १९७२ साली त्यांनी तिच्या अभ्यासाकरिता तेथील सरकारी विज्ञानसंस्थेकडे अनुदान मागितले. परंतु कल्पना फारच साधी आहे, अशा समजुतीने ते नाकारण्यात आले. टी. नटराजन व के. आर. राव ह्यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध १९७४ सालच्या जानेवारीत प्रसिद्ध झाला, आणि आज मोबाइलवरील बहुतेक छायाचित्रे व चित्रफिती त्या रीतीच्या पायावर उभ्या आहेत. (आमच्या गणिताच्या तासास कंटाळणाऱ्यांनी हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा.) तिला जोड मिळाली ती दुसऱ्या एका युक्तीची. चित्रफितीत दर सेकंदास सुमारे तीस चित्रे असतात; त्यांतील प्रत्येक संपूर्ण न लिहिता मागच्या चित्राहून जेवढे बदलले तेवढेच लिहावयाचे. रंगमंचामागचा पडदा स्थिर आहे, तर तो पुनःपुन्हा कशास लिहावा? हे सर्व काम मोबाइल स्वतः करीत असतो. ते न केले तर त्याच १०८० रेषांच्या एका मिनिटास अकरा जीबी लागतील.

ह्यावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते. भाषण, कवितापठण, प्रार्थनागीत, जेथे मागचे दृश्य हलत नाही, तेथे पुष्कळ दाबले तरी बिघडत नाही. परंतु धूळ उडवीत चाललेले लेझीम, वाऱ्याने डोलणारी ज्वारी, पावसाची झड, ह्यांत चित्राचा प्रत्येक कण क्षणोक्षणी बदलतो. तेथे फार दाब दिला की चौकोनी डाग पडतात व चेहरे पुसल्यासारखे दिसतात. सर्वांस एकच माप लावणे शहाणपणाचे नव्हे.

काही प्रसंगी तर मुळीच दाबू नये. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशीचा घात केला, हे आमच्या पालकांस सांगावयास नको. त्या अळीची एक खूण म्हणजे डोमकळी, न उमललेले गुलाबासारखे मिटलेले फूल. आणि बोंडावरचे छिद्र तर टाचणीच्या टोकाएवढे. असे दृश्य कृषितज्ज्ञांस दाखवावयाचे असता चित्रफीत दाबली, तर नेमके ते छिद्रच नाहीसे व्हावयाचे. मग सल्ला देणाऱ्याने काय पाहावे? तसेच २०२३ सालच्या जुलैत आमच्या संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टीने जो हाहाकार झाला, तशा वेळी काढलेल्या दृश्यांस पुढे पंचनाम्याच्या कामी महत्त्व येऊ शकते. व्हॉट्सॲपवरून साध्या रीतीने पाठविले की स्थळकाळाची मूळ नोंद निघून जाते. असे काही पाठवावयाचे तर ते लहान न करता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. २०२२ सालापासून ह्या मार्गाने दोन जीबींपर्यंतची फाइल जाते. दुर्दैवाने हाच मार्ग हल्ली वाढदिवसाच्या केकाकरिताही वापरला जातो, आणि त्यास आमचा सक्त विरोध आहे.

कोणी म्हणतील, व्हॉट्सॲप आपण होऊनच चित्रफीत लहान करते, मग आम्ही श्रम का घ्यावे? हे खरे आहे. २०२३ सालच्या ऑगस्टपासून ‘एचडी’ची निवड मिळू लागली, तीही ७२० रेषांपर्यंतच. परंतु यंत्र सर्व काही एकाच मापाने दाबते. त्यास आपल्या मुलीचा चेहरा व मागची खुर्ची ह्यांतील महत्त्वाचे कोणते, हे कळत नाही. शिवाय कोणता भाग मुळातच पाठवू नये, हे तर त्यास कधीच कळणार नाही. पहिले दीड मिनिट माइक नीट करण्यात व शेवटचे एक मिनिट टाळ्यांत जात असेल, तर ते कापून टाकणे हाच उत्तम संक्षेप होय. तारेच्या काळी शब्दागणिक पैसे पडत, म्हणून माणसे मोजके लिहीत. ती सेवा २०१३ साली बंद पडली, आणि मोजकेपणाही तिच्याबरोबर गेला की काय, अशी शंका येते.

लहान करण्याकरिता मोबाइलवर फुकट मिळणारी अनेक ॲप आहेत. त्यांपैकी काही चित्रफीत आपल्या दूरच्या संगणकावर चढवून घेतात. मुलींचे नाच अशा अनोळखी ठिकाणी धाडणे आम्हांस अगदी नापसंत आहे. शाळेच्या संगणकावर ‘हँडब्रेक’ हा विनामूल्य प्रोग्राम घालता येतो व काम तेथल्या तेथे होते. त्याहून सोपे म्हणजे, घरगुती प्रसंग टिपण्यापूर्वीच कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ७२० निवडावे.

मात्र लहान प्रत झाली म्हणून मूळ पुसू नये. आमच्या परिचयाच्या एका घरी आजीबाईंनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, त्या नातवाने टिपल्या, ग्रुपवर टाकल्या व जागा हवी म्हणून मूळ काढून टाकल्या. पुढे आजीबाई निवर्तल्या. भिंतीवर लावण्याकरिता त्यातील एक चित्र मोठे करून घेण्यास ते शेगावी गेले, तो डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके. आवाज तेवढा राहिला, आणि तोही डब्यातून आल्यासारखा. पाच हजारांस जेवू घातल्यावरही प्रभूने उरलेले तुकडे वेचून ठेवविले. आपणांस तर पोटभर पुरवठा असताना मूळ वस्तू टाकून देण्याची घाई झालेली असते.

म्हणून आगामी संमेलनाकरिता आमची सूचना अशी, की चित्रण एकाच ठरलेल्या शिक्षकाने करावे, ग्रुपवर प्रत्येक कार्यक्रमाची दोन-तीन मिनिटांची लहान प्रत जावी, व मूळ चित्रण शाळेच्या संगणकावर आणि एका वेगळ्या हार्ड डिस्कवर, असे दोन ठिकाणी ठेवावे. ज्या पालकांस आपल्या पाल्याचे संपूर्ण चित्रण हवे असेल त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर पेनड्राइव्ह घेऊन यावे. ज्यांजवळ पेनड्राइव्ह नाही त्यांच्याकरिता शाळेने दोन-चार घेऊन ठेवावेत. ते घरी न्यावे, पाहून झाल्यावर परत आणून द्यावे, आणि ग्रंथालयाच्या पुस्तकांप्रमाणे त्यांचीही नोंद वहीत व्हावी.