जेवणाची वेळ, मधलं नाव आणि एकेरी हाक



परदेशी शिकायला निघालेल्या मुलाची तयारी आपण कशी करतो? व्हिसा, फी, भाषेचं प्रमाणपत्र आणि बॅगेत लोणचं. स्पेनला जाणारी बरीच मुलं स्पॅनिशच्या परीक्षा देऊनच जातात. तरी तिथे गेल्यावर ती अडखळतात. क्रियापदांपाशी नाही, तर जेवणाच्या वेळेपाशी, स्वतःच्या नावापाशी, ‘अरे-तुरे’पाशी. माझं स्पष्ट मत आहे, याचं मूळ आपल्या घरात आणि आपल्या प्राथमिकच्या वर्गात आहे. आपण प्रत्येक सवय ‘संस्कार’ म्हणून शिकवतो. मग दुसऱ्याची सवय मुलाला वेगळी वाटत नाही, वाईट वाटते.

जेवणाचंच बघा. स्पेनमध्ये दुपारचं जेवण दोन ते साडेतीन, रात्रीचं नऊ-दहाला. लहान गावांत दुपारी दोन ते पाच बरीच दुकानं बंद. आपण लगेच म्हणतो, आळशी लोक! पण जरा नकाशा उघडा. माद्रिद लंडनच्याही पश्चिमेला आहे. तरी १९४० मध्ये फ्रँकोच्या राजवटीत तिथली घड्याळं एक तास पुढे नेली, आणि ती आजही मध्य युरोपाच्या वेळेवर चालतात. जूनमध्ये माद्रिदला सूर्य मावळतो पावणेदहाच्या सुमारास. म्हणजे उन्हाळ्यात घड्याळात रात्रीचे दहा, पण सूर्याच्या हिशेबाने पावणेआठच. उशिरा जेवणाचं हे एकच कारण नाही, पण मोठं आहे. जेवण झाल्यावर तिथेच बसून गप्पा मारण्याला तर त्यांच्याकडे स्वतंत्र शब्द आहे, ‘सोब्रेमेसा’. आपल्याकडे हात वाळले की आजी ओरडते!

चौथीला माझ्या वर्गात असलेली एक मुलगी आता सलामांकाला शिकते. तिची आई रोज आपल्या नऊ वाजता फोन करते, “जेवलीस का गं?” तिथे तेव्हा उन्हाळ्यात साडेपाच आणि हिवाळ्यात साडेचार वाजलेले असतात. सुरुवातीला तिने खरं सांगितलं, की दहाला जेवते, एकला झोपते. घरी धसका! “वळण बिघडलं पोरीचं.” आता ती फोनवर “हो, जेवले” एवढंच म्हणते. मला चिंता वाटते ती इथे. मूल उशिरा जेवलं म्हणून काही बिघडत नाही. ते घरी खोटं बोलायला लागलं, तर उद्या खरी अडचण आली तेव्हा सांगेल कुणाला?

नावाची गंमत वेगळीच. तिथे प्रत्येकाला दोन आडनावं, एक वडिलांकडचं, एक आईकडचं. लग्नानंतर बाई आडनाव बदलत नाही. आपलं तीन शब्दांचं नाव पाहिलं की त्यांना मधला शब्द पहिलं आडनाव वाटतो. त्यामुळे या मुलीला यादीत तिच्या वडिलांच्या नावाखाली टाकलं होतं, आणि कार्यालयात हाक आली तीही त्याच नावाने. ती हसून सांगते, पण पहिल्या दिवशी रडली होती. आपल्या राज्यातही १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव येतं आहे. हजेरीपटावर ते येईल तेव्हा वर्गात नावांवर छान तास होऊ शकतो, नाही का?

आणि ‘तू-तुम्ही’. आपल्यासारखंच स्पॅनिशमध्ये ‘तू’ आणि ‘उस्तेद’ आहे. हे शिकवणं मराठी शिक्षकाला किती सोपं! पण स्पेनमध्ये विद्यार्थी शिक्षकाला सर्रास ‘तू’ म्हणतात, नावाने हाक मारतात. आपल्या मुलांची जीभ रेटत नाही. दक्षिणेकडच्या प्राथमिक शाळांत मात्र मुलं बाईंना लाडाने ‘सेन्यो’ म्हणतात, अगदी आपल्या ‘बाई’सारखं. उलट कोलंबियात, बोगोटाकडे, घरातल्या घरात, मित्रामित्रांतसुद्धा ‘उस्तेद’ ऐकू येतं. म्हणजे स्पॅनिश बोलणारे सगळे सारखे, हेही मुलांच्या डोक्यात भरवू नका.

पहिल्या भेटीत गालाला गाल लावणं, हे एक. मुलींच्या आईवडिलांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर फोटो पाहून घरात महाभारत.

शाकाहाऱ्यांनी ‘मांस नको’ एवढंच सांगून भागत नाही. बोलताना मांस म्हणजे ‘कार्ने’ हा शब्द बऱ्याचदा गाई-डुकराच्या मांसापुरताच घेतात, त्यामुळे सॅलडमध्ये टूना मासा येऊ शकतो. आणि स्पेनमधला ‘तोर्तिया’ म्हणजे मेक्सिकोतली पोळी नव्हे, तर बटाटा घातलेलं जाड ऑम्लेट.

सगळ्यात अवघड प्रसंग मात्र स्पेनमध्ये नाही, अर्जेंटिनात आहे. तिथे ‘माते’ नावाचा कडवट पाल्याचा काढा पितात. भांडं एक, धातूची नळी एक, आणि ती गोलात फिरते. आपल्या भाषेत, उष्टं! त्यात नियम असा की पिऊन भांडं परत देताना ‘ग्रासियास’, म्हणजे ‘धन्यवाद’, म्हटलं तर त्याचा अर्थ ‘आता मला नको’. म्हणजे नम्रपणे आभार मानणारं आपलं गुणी मूल पहिल्याच फेरीत बाहेर! प्यायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. नको असेल तर तसं हसून सांगताही येतं. पण उष्टं म्हणजे काय, आपण ते का पाळतो, घरात आईच्या ताटातलं चालतं मग मित्राचं का नाही, हे बोलणं घरी, निघण्याआधीच व्हायला हवं. तिथे पाचसहा जण गोलात बसलेले असतात आणि भांडं पुढे आलेलं असतं.