पाटीवरचे अक्षर

पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण मागे टाकले की पळसदेव येते. जुने पळसदेव उजनीच्या पाण्यात गेले. पाणी ओसरले की पळसनाथाचे जुने मंदिर तेवढे डोके वर काढते. गाव हलले, पण पाटीवरचे नाव तेच राहिले. अशी नावे लिहिणारा पेंटर मात्र आपल्या स्मरणात क्वचितच राहतो.

‘कृषी सेवा केंद्र’ हे तीन साधे शब्द घ्या. वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, खाली ऋकार. पेंटर आधी शिरोरेषेची जागा ठरवतो, वर-खाली मोकळीक सोडतो आणि मगच कुंचला उचलतो. रस्त्यापलीकडून वाचता यावे म्हणून अक्षर जाड करायचे, पण ‘ष’चे पोट बुजू द्यायचे नाही. देवनागरीचा फॉन्ट घडवणाऱ्यापुढेही नेमका हाच पेच असतो. एकाने तो शाळेत सोडवला, दुसऱ्याने शिडीवर, इतकेच.

बँकेत सह्या ताडून पाहण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. वळण ही माणसाची खूण असते, हे तिथे पक्के कळले. पाटीचेही तसेच आहे. कमल शेडगे यांनी नाटकांची नावे अशी रेखाटली की अक्षरातूनच नाटकाचा स्वभाव कळावा. गॅरेजचे ठसठशीत आणि मिठाईच्या दुकानाचे गोलसर अक्षर हीच जाण आपल्या परीने दाखवते.

ही विद्या हनीफ कुरेशी यांनी ओळखली. देशभरच्या पेंटरांची अक्षरे गोळा करून त्यांनी त्यांचे फॉन्ट केले आणि फॉन्टांना त्या पेंटरांचीच नावे दिली. २०२४ साली ते गेले. त्यांचा हा धडा मात्र आपण गिरवायला हवा. रस्त्यावरून अक्षर उचलावे, पण अक्षरधन्याचे नाव पुसू नये.

फ्लेक्स स्वस्त पडतो, तासाभरात मिळतो. दुकानदाराला दोष कसा द्यावा? पण शाळेची भिंत आणि ग्रामपंचायतीचा फलक यांना कसली घाई असते? निदान ती कामे गावातल्या पेंटरला द्यावीत आणि कोपऱ्यात त्याला सही करू द्यावी. फॉन्टमध्ये अक्षराचा आकार टिकेल. भिंत पाहून अक्षर बेतणारी नजर मात्र हाताला काम मिळाले तरच टिकेल.