नादाचे कारागीर आणि श्रेयाचा प्रश्न

यंत्रावर केलेले संगीत हे संगीतच नव्हे, असे मानणारा एक वर्ग आपल्या सुशिक्षित समाजात फार दिवसांपासून आहे. या मंडळींचे म्हणणे थोडक्यात असे, की गवयाच्या गळ्यामागे तपश्चर्या असते, सतारियाच्या बोटांना घट्टे पडलेले असतात. विजेच्या यंत्रापुढे बसणाऱ्याने मात्र कळ दाबावी आणि बाकीचे यंत्राने करावे, मग तेथे कला कोठली आणि कलावंत तरी कोठला? आज संगणकास दोन ओळींची आज्ञा केली असता क्षणार्धात गाणे तयार होऊन बाहेर पडते. त्यामुळे तर या मतास भलताच जोर चढला आहे. हे मत केवळ अज्ञानमूलक असते तर आम्ही त्याची उपेक्षाच केली असती. परंतु याच मताच्या आश्रयाने हाडामांसाच्या माणसांचे श्रेय बुडविले गेले आहे. म्हणून त्याचा समाचार घेणे अवश्य झाले आहे.

प्रथम या कळ दाबण्याच्या गोष्टीचा विचार करू. मूगचा सिंथेसायझर 1964 साली पुढे आला. त्यापूर्वी पॅरिस, कोलोन, न्यूयॉर्क, लंडन येथे ज्यांनी हे संगीत घडविले, त्यांच्या हाताशी प्रामुख्याने होते ते प्रयोगशाळेतील ऑसिलेटर, ध्वनिफितीची रिळे, धारदार पाते आणि चिकटपट्टी. ध्वनिफीत सेकंदास 15 इंच या वेगाने धावत असता एका सेकंदाचा नाद म्हणजे 15 इंच फीत. म्हणजे कापताना एक इंचाची चूक झाली की ताल सेकंदाच्या पंधराव्या अंशाने ढळला. स्वर चढवावयाचा तर फितीचा वेग वाढवावयाचा. वेग नेमका दुप्पट झाला की स्वर एक सप्तक वर जातो. प्रत्येक स्वर निराळा मुद्रित करावा, मोजून कापावा, पुढच्यास सांधावा, ऐकावा, आणि चुकल्यास पुन्हा उसवावा, असा हा क्रम. जॉन केज या अमेरिकन रचनाकाराची 1952 ची ‘विल्यम्स मिक्स’ ही कृती अवघी सव्वाचार मिनिटांची आहे. परंतु तिचा आराखडा 192 पानांचा असून, शिंप्याने कापडावर ठेवावयाच्या कागदी नमुन्याप्रमाणे तो फितीच्या मापानेच काढलेला आहे. सव्वाचार मिनिटांसाठी कित्येक महिने फिती कापीत बसणाऱ्यास ज्यांना ‘कळ दाबणारा’ म्हणावयाचे असेल त्यांनी खुशाल म्हणावे. मग विणकरासही त्यांनी माग हलविणारा म्हणावे.

आता ज्या प्रकरणामुळे हा वाद केवळ शब्दांचा राहत नाही, त्याकडे वळू. लंडनमध्ये 1958 साली बी. बी. सी. ने रेडिओफोनिक वर्कशॉप या नावाचा विभाग काढला. त्याच्या संस्थापकांपैकी डॅफ्ने ओरम ही विदुषी वर्षभरातच नोकरी सोडून गेली आणि फिल्मच्या पट्टीवर रेषा रेखाटून त्यांपासून नाद उत्पन्न करण्याचे आपले यंत्र स्वतंत्रपणे सिद्ध करीत बसली. याच विभागात पुढे डेलिया डार्बिशर या केंब्रिजच्या पदवीधर बाई आल्या. गणित आणि संगीत या दोन्ही विषयांचे शिक्षण घेतलेल्या या बाईंना त्यापूर्वी 1959 साली एका ग्रामोफोन कंपनीने, ध्वनिमुद्रणाच्या कामावर आम्ही स्त्रिया ठेवीत नाही, असे सांगून परत पाठविले होते!

‘डॉक्टर हू’ ही दूरचित्रमालिका 23 नोव्हेंबर 1963 रोजी सुरू झाली. तिच्या शीर्षकसंगीताची चाल रॉन ग्रेनर यांची. त्यांनी दिला तो एक कागद; त्यावर मंद्र सुरांचा ठेका, वर फिरणारी चाल आणि वाऱ्याचे बुडबुडे, ढग असल्या काही सूचना. या कागदापासून ऐकावयास मिळणारे संगीत डार्बिशरबाईंनी घडविले. ठेक्यासाठी एक ताणलेली तार छेडून तो एकच नाद मुद्रित केला, आणि निरनिराळ्या वेगांनी फिरवून त्याचे सर्व स्वर काढले. वरची चाल ऑसिलेटरची चकती हाताने फिरवून, तिच्यात मींडेसारखी ओढ आणून वठविली. रेडिओवर केंद्र न लागल्यास जो फसफसाट ऐकू येतो तसला आवाज गाळून त्यातून वारा निर्माण केला. अनेक पदर एकाच फितीवर ठेवण्याची सोय नव्हती. म्हणून निरनिराळ्या फिती निरनिराळ्या यंत्रांवर चढवून ती सर्व एकदम सुरू करावयाची. कोठे तरी एक स्वर चुकला, तो सापडेना. तेव्हा त्या फिती इमारतीच्या लांब बोळात शेजारी शेजारी उलगडून सांधा सांध्याशी ताडून पाहिला, असे त्यांचे सहकारी डिक मिल्स यांनी सांगून ठेवले आहे.

तयार झालेले ऐकून स्वतः ग्रेनर चकित झाले, आणि बाईंना सहरचनाकार म्हणून श्रेय व मोबदला मिळावा, अशी त्यांनीच इच्छा दर्शविली. परंतु बी. बी. सी. च्या रिवाजाप्रमाणे विभागातील नोकरांची नावे झाकलेलीच राहावयाची. विभागाचे नाव दिले म्हणजे झाले! डार्बिशरबाई 2001 साली वारल्या. त्यांच्या घराच्या माळ्यावर 267 फिती निघाल्या. आणि त्या मालिकेच्या पडद्यावर त्यांचे नाव झळकले ते 2013 साली, मालिकेस पन्नास वर्षे झाल्यावर!

यावर प्रतिपक्षाचे उत्तर ठरलेले आहे: चाल ज्याची त्याचे संगीत, बाकीची ती पगारी कारागिरी. हे उत्तर इतर कोणी दिले तर एक वेळ समजू शकते. पण आपल्या देशातील रसिकाने ते द्यावे याचे आम्हांस नवल वाटते. बंदीश चार ओळींची असते, आणि ती रचणारा कित्येकदा दोन शतकांपूर्वी होऊन गेलेला असतो. तरी तासभर रंगलेल्या ख्यालाचे श्रेय आपण गाणाऱ्यास देतो ना? बंदीश हा सांगाडा, त्यात प्राण फुंकणे हीच निर्मिती, हे तत्त्व ज्यांच्या रक्तात मुरले आहे, त्यांनी ग्रेनरचा कागद आणि डार्बिशरबाईंचे संगीत यांतील अंतर ओळखू नये काय? की गळ्याने केले तर ती प्रतिभा, आणि पात्याने केले तर ती हमाली?

हा भेद कोणाच्या सोयीचा ठरतो तेही पाहावे. अमेरिकेत लुई आणि बेबे बॅरन या दांपत्याने 1956 साली ‘फॉरबिडन प्लॅनेट’ या चित्रपटाचे संपूर्ण संगीत स्वतः जुळविलेल्या विद्युन्मंडलांतून निर्माण केले. ही मंडले काम करता करता जळून जात, आणि त्यांचा तो अखेरचा आक्रोशही फितीवर उतरे. परंतु वादकांच्या संघटनेशी तंटा नको म्हणून पडद्यावर त्यास ‘संगीत’ हा शब्दच लाविला नाही. ‘इलेक्ट्रॉनिक स्वर’ अशा अर्थाचे भलतेच नाव दिले. एकदा कृतीस संगीत म्हणावयाचे नाही असे ठरले, की कर्त्यास संगीतकार म्हणण्याची जबाबदारी आपोआपच टळते.

असले प्रकार परदेशातच घडतात अशा भ्रमात कोणी राहू नये. मुंबईच्या चित्रपटसंगीतात सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस इत्यादी गोमंतकीय संयोजकांनी वाद्यवृंदाचा जो साज चढविला, तो घरोघर ऐकला गेला. पण तबकडीवर त्यांची नावे किती वाचकांनी पाहिली असतील? तेथे तर यंत्राचा संबंधही नव्हता. तात्पर्य, यंत्र हे निमित्त. पडद्याआडच्या हातास नाव द्यावयाचे नाही, ही मूळ वृत्ती होय.

म्हणूनच ‘आता या जुन्या गोष्टी उकरून काय लाभ?’ हा प्रश्न आम्हांस मान्य नाही. मृतास श्रेयाचा उपयोग नाही हे खरे. परंतु आज कोणाच्या तरी घरातला मुलगा किंवा मुलगी कानाला यंत्र लावून रात्री एकेक नाद घासूनपुसून घेत बसली असेल, आणि वडील मंडळी म्हणत असतील, ‘यात तुझे काय? सारे मशीनच तर करते!’ आज्ञेसरशी बाहेर पडलेले गाणे आणि महिनोन् महिने कानाने निवडून, हाताने सांधून उभे केलेले गाणे ही दोन्ही यंत्रातूनच येतात, एवढ्यावरून ती एकाच मापाने मोजणे हा न्याय नव्हे. यंत्र कोणते होते हे विचारण्यापूर्वी निवड कोणी केली, चूक कोणी शोधली आणि ‘हे नव्हे, पुन्हा’ असे कोण म्हणाले, ते विचारावे. उत्तरादाखल माणूस सापडला, तर त्याचे नाव लिहावे. आणि तो हयात असतानाच लिहावे.