गाडी उंच करायच्या आधी साईडपट्टी बघा

पोस्ट लांब आहे. ज्यांनी गाडी 'उचलून' घेतली किंवा घ्यायच्या विचारात आहेत त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

कंधारमध्ये आजकाल उंच केलेल्या गाड्या सारख्या दिसतात. थार, बोलेरो, जुनी स्कॉर्पिओ. खाली गुटके, मोठाले टायर, टपावर लाईटची पट्टी. वाढदिवस असो की निवडणुकीची रॅली, सगळ्यात पुढं हीच गाडी. मी कुणाला हसत नाही. दोन वर्षांपूर्वी हा उद्योग मी स्वतः केलाय.

माझी जुनी थार, २०१३ ची. पावसाळ्यात शेताच्या रस्त्याला काळ्या मातीत मागचा गोळा घासायचा, म्हणून एका गॅरेजवाल्याकडं गेलो. (नाव विचारू नका, सांगणार नाही. हौस माझीच होती.) त्यानं पुढचे टॉर्शन बार आवळले, मागं पाटा आणि एक्सलच्या मधात गुटके घातले. झाली तीन इंच उंच. वर एक नंबर मोठे टायर. "अलाइनमेंट करायची का रे?" म्हटलं तर म्हणाला, "काका, सरळ चालतीय ना? मग कशाला खर्च." मला पण ते पटलं.

गंमत बघा. मागचा गोळा एक्सलवर असतो आणि एक्सल चाकांवर. गुटके घालून बॉडी वर गेली, गोळा होता तिथंच राहिला. त्याला वर उचलतो फक्त टायर, आणि माझ्या टायरनं तो जेमतेम बोटभर उचलला. म्हणजे ज्यासाठी पैसे घातले ते काम झालंच नाही.

पुढं भाद्रपदात एकदा लोह्याहून येत होतो. शेजारी माय, मागं भावाची दोन लेकरं. वेग साठ-पासष्ट. समोरून एसटी आली, मी डावीकडं घेतली आणि डावी चाकं डांबराखाली उतरली. साईडपट्टी वीतभर खाली. मी स्टेअरिंग उजवीकडं ओढलं. टायर डांबराच्या काठाला घासत राहिला, वर चढेना. अजून ओढलं, आणि एकदम चढला. गाडी आडवी उजव्या बाजूला धावली. एसटी नुकतीच निघून गेली होती म्हणून ही पोस्ट लिहायला मी आहे. घाबरून डावीकडं कापलं, तर डावी चाकं हलकी झालेली बुडाला कळली. लेकरं एकमेकांवर पडली. शेवटी सोयाबीनमध्ये जाऊन थांबलो. कुणाला काही झालं नाही, मायच्या कपाळाला टेंगूळ आलं तेवढंच. पण ती आजही त्या गाडीत बसत नाही. लोह्याला जायचं तर एसटीची वाट बघते.

नंतर मी या विषयाच्या मागंच लागलो.

कडब्याची बैलगाडी आपण सगळ्यांनी पाहिलीय. पेंढ्या जास्त रचल्या की तीच गाडी, तेच बैल, पण ओढ्यात उतरताना म्हातारी माणसं एका बाजूनं दोर धरून चालायची. चाकांमधलं अंतर वाढत नाही आणि वजन वर जातं, एवढीच गोष्ट. अमेरिकेत तिथली सरकारी वाहन सुरक्षा संस्था २००१ च्या मॉडेलपासून गाड्यांना पालथं होण्याच्या धोक्याचे गुण देते, त्याच्या मुळाशी हाच हिशेब आहे. चाकांमधलं अंतर भागिले वजनाच्या मध्याच्या उंचीची दुप्पट. समजण्यापुरतं धरा, अंतर १५०० मिमी, मध्य ७०० मिमी उंचीवर. उत्तर १.०७. मध्य ७० मिमी वर गेला की उत्तर ०.९७. कोरड्या डांबरावर टायरची पकड साधारण ०.८ ते ०.९ असते. उत्तर पकडीच्या जितकं जवळ येईल तितकी गाडी घसरायच्या ऐवजी पालथी व्हायला बघते. त्यात वळणावर बॉडी कलली की हे उत्तर अजून खाली. आणि डांबराच्या काठाला किंवा ओल्या मातीत चाक अडकलं की पकडीचा हिशेबच राहत नाही, गाडी अडखळून पडते.

कंपन्यांना हे कळत नाही असं नाही. मारुती जिप्सी १९८५ ला आली ती अरुंद होती. १९९३ मध्ये कंपनीनं तिच्या चाकांमधलं अंतर ९० मिमीनं वाढवलं. कंपनी गाडी रुंद करते आणि आपण उंच करतो!

दुसरी भानगड स्टेअरिंगची. टॉर्शन बार आवळला की पुढचे आर्म खाली झुकतात. मग चाक वर-खाली होताना टायरॉड एका चालीनं हलतो आणि आर्म दुसऱ्या. खड्ड्यात गेलं की चाक आपोआप थोडं वळतं, तुम्ही स्टेअरिंग हलवलेलं नसताना. कॅस्टर नावाचा एक कोन असतो, ज्याच्यामुळं वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होतं. तो बिघडला की गाडी रस्त्यावर भटकते. माझी भटकत होती, मला वाटायचं वारं लागतंय. शॉकअप जुन्याच मापाचे राहिले तर चाक खाली जायला जागा उरत नाही, ठणठण वाजतं. बॉल जॉइंट आणि पुढच्या शाफ्टचे रबर लवकर फाटतात. नव्या गाड्यांत घसरण सावरणारं इलेक्ट्रॉनिक असतं, पण ते कंपनीच्या उंचीवर बसवलेलं आहे, तुमच्या गुटक्यांवर नाही.

कुणी म्हणेल, मागं एवढा पूर आला, उंच गाडी लागतेच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये शेजारी मुखेड तालुक्यात काय झालं ते आपण पाहिलं. वाहत्या पाण्यात तीन इंचानं काही होत नाही राव. पाणी आडवं ढकलतं. पुलावर पाणी असेल तर थांबायचं, गाडी कुठलीही असो.

आणि हा फक्त गाडीवाल्याचा प्रश्न नाही. उंच गाडीचे लाईट खाली वळवून घेतले नाहीत तर समोरच्या मोटारसायकलवाल्याच्या थेट डोळ्यात जातात. बंपर वर गेलेला असतो, तो लहान कारच्या बंपरला लागतच नाही, सरळ दरवाजात घुसतो.

कायदा सांगायचा तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीच्या मूळ रचनेशी न जुळणारा बदल चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं ५००० रुपये दंड किंवा दोन्ही आहे. रॅलीत पोलिसांसमोरून अशा दहा गाड्या जातात तेव्हा हे कलम कुठं असतं, हा प्रश्न वेगळा.

पण सगळा दोष पोरांवर ढकलून सार्वजनिक बांधकाम विभागाला मोकळं सोडणाऱ्यातला मी नाही. माणूस गाडी उंच का करतो? हौस असतेच, पण खड्डे आणि गतिरोधकही असतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो, गाडी त्यावरून अलगद जाते. आपल्याकडं डांबराची बादली ओतून बांध घालतात, त्यावर नवी कोरी कारही खालून घासते.

साईडपट्टीचं तर विचारूच नका. दर वेळी जुन्या डांबरावर नवा थर येतो, रस्ता वर जातो. साईडपट्टीवर मुरूम मात्र कुणी टाकत नाही, टाकला तर दबाई नाही. खाली आपली काळी माती, उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि वाहून जाते. दोन थरांनंतर वीतभर खाच पडते. रस्ता पण उचललाय, गाडी पण उचललीय, आणि मधात आपली लेकरं. लोह्यावरून नांदेड-लातूर हायवेला लागलो की तर गाडी नकळत शंभरवर जाते.

शेतासाठी खरंच उंची लागत असेल तर कंपनीनं चालतील म्हणून सांगितलेल्या मापातले चांगल्या नक्षीचे टायर घाला, टपावर ओझं टाकू नका. आधीच उंच केली असेल तर निदान चार चाकांचं अलाइनमेंट करा, चाकं पूर्ण खाली लटकवून ब्रेकचे पाईप ताणले जातात का बघा, आणि लाईट खाली वळवा. मालेगावच्या यात्रेत घोडा घेणारा नुसती उंची बघून पैसे मोजत नाही. आधी चालवून बघतो, पाय बघतो.

मी त्याच महिन्यात गुटके काढले, बार पहिल्या खुणेवर आणले, अलाइनमेंट केलं. गाडी भटकायची थांबली. गुटके दुकानात पडलेत, पोत्यांवरची ताडपत्री उडू नये म्हणून ठेवतो.

सोमवारी बांधकाम विभागाच्या कंधार कार्यालयात साईडपट्टीसाठी निवेदन देणार आहे. लोहा रोड, फुलवळकडचा रोड, पेठवडज रोड, जिथं वीतभर खाच असेल तिथं पट्टी किंवा काठी लावून फोटो काढा आणि जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा लिहून कमेंटमध्ये टाका. नुसता 'बरोबर आहे सर' नको. अकरा वाजता तहसीलसमोर भेटू.