फडक्यावर काय उरतं

डेंग्यूचे पेशंट वाढले की अमरावती-अकोल्यात बकरीच्या दुधाला एकाएकी भाव चढतो. एरवी त्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. आमची बेरारी बकरी पाळली जाते ती मुख्यतः मटणासाठी; पिल्लांचं भागून उरेल तेवढंच दूध माणसाच्या वाट्याला. मग लोक मोटारसायकलवर खेडी पालथी घालतात आणि पाण्याच्या बाटलीत पावशेर दूध घेऊन येतात. त्याने प्लेटलेट वाढतात याला भक्कम पुरावा नाही. आजार ओसरला की त्या बहुतेकांच्या आपसूकच वाढतात. पण घरात तापाचं माणूस असताना हा वाद कोण घालणार? आणताच आहात तर धड गाळा तरी, एवढंच माझं म्हणणं. आणि गाळलं म्हणजे काम झालं, असं समजू नका.

बकरीची कास जमिनीपासून जेमतेम वीतभर. कुटारात आणि स्वतःच्याच लेंड्यांत बसून उठलेलं जनावर ते, धार काढताना केस, काडी, धूळ गंजात पडणारच. चहाची गाळणी इथे कुचकामी. बकरीचा केस तिच्या जाळीतून उभाच्या उभा निघून जातो. जुन्या धोतराचं मऊ सुती फडकं चारपदरी करून गंजाच्या तोंडाला बांधायचं आणि दूध कोमट आहे तोवरच ओतायचं. घाईने फडकं दाबणाऱ्या सुनेला "दाबू नको व माय, आपोआप गयू दे" असं सांगणारी म्हातारी बरोबरच सांगते. दाबलं की अडलेली घाण पुन्हा दुधात उतरते. लेंडी पडली तर बोटाने काढून उरलेलं गाळणारे महाभाग मी पाहिले आहेत. अहो, ती एव्हाना विरघळायला लागलेली असते. ते दूध फेकावंच.

खरा घोळ फडक्याचा आहे. काम झालं की ते ओलंच खुंटीला अडकवतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की संध्याकाळपर्यंत त्याला आंबूस वास येतो. दुसऱ्या दिवशीचं दूध त्यातूनच गाळलं की चुलीवर नासतं, आणि बोल लागतो बकरीला. फडकं आधी थंड पाण्यात खळबळून काढावं. थेट गरम पाण्यात घातलं तर दूध धाग्यात घट्ट बसतं. मग साबण, मग उकळतं पाणी, मग कडक ऊन. ऊन तर वऱ्हाडात फुकट आहे.

आता फडक्याला न दिसणारी गोष्ट. माल्टा बेटावर बकऱ्या दारोदार नेऊन गिऱ्हाइकासमोर धार काढत. याहून ताजं दूध कुठलं? तरी तिथल्या ब्रिटिश सैनिकांना महिनोन्‌महिने चढउतार करणारा ताप येई. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने १८८७ मध्ये त्याचा जंतू शोधला, पण तो येतो कुठून हे कळायला १९०५ उजाडलं. थेमिस्टोक्लीस झॅमिट या माल्टाच्याच डॉक्टरला तो धडधाकट दिसणाऱ्या बकऱ्यांत सापडला. पुढच्या वर्षी सैनिकांचं ते दूध बंद झालं आणि तापही झपाट्याने ओसरला. हाच तो ब्रुसेला. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा हा जंतू चारपदरी काय, चाळीसपदरी फडक्यातूनही आरामात जातो. म्हणून गाळलेलं दूध चांगली उकळी येऊ देऊनच प्यावं. 'कच्चंच गुणकारी' म्हणणाऱ्यांचं ऐकू नये.

ज्यांच्या दारात बकरी आहे त्यांनी मात्र गाळून झाल्यावर फडकं लगेच धुवू नये, उजेडात धरून आधी पाहावं. केस, काडी दिसली तर ठीक. पांढऱ्या गुठळ्या, लेसदार तार किंवा रक्ताचा डाग दिसला तर कासेला हात लावून बघावा. गरम आणि टणक लागली तर ती दगडी, म्हणजे कासेची सूज. त्या दिवशीचं दूध टाकून द्यावं आणि जनावरांच्या डॉक्टरला बोलवावं. त्याने सुया दिल्या की दूध किती दिवस वापरायचं नाही, हेही त्यालाच विचारून घ्यावं. औषधाचा अंश दुधात उतरतो. तो फडक्यात अडकत नाही आणि उकळूनही पुरता जात नाही.