थोरली गादी, धाकटी गादी

आपल्याकडे तीन गोष्टींवर मत द्यायला पात्रता लागत नाही: दुसऱ्याच्या मुलीचे स्थळ, आजाऱ्याचे औषध आणि फुटबॉलच्या संघाचा प्रशिक्षक. पहिल्या दोहोंत मत चुकले तर निदान कोणी घरी येऊन भांडते. तिसऱ्यात तीही धास्ती नाही.

माझे घर साताऱ्याचे आणि नोकरी सांगलीची. त्यामुळे दोन्ही गावचे फुटबॉल-पंडित माझ्या वाट्याला आले आहेत. सांगलीत आमच्या महाविद्यालयातले भूगोलाचे सहकारी. साताऱ्यात माझे मामा, निवृत्त पोस्टमास्तर. दोघांनीही उभ्या जन्मात चेंडूला पाय लावलेला नाही, म्हणून दोघांचीही मते अगदी निर्मळ आहेत.

2025 च्या जुलैत या दोघांना पर्वणीच लाभली. स्पेनचे मानोलो मार्केझ पायउतार झाले आणि भारताच्या संघाला नवा प्रशिक्षक हवा झाला. अर्ज आले 170! त्यांत पेप ग्वार्दिओला आणि झावी या जगविख्यात मंडळींच्या नावाचेही अर्ज होते. ते खरे नसल्याचे फुटबॉल महासंघाला मागाहून जाहीर करावे लागले. पण मधल्या काळात आमच्या भूगोलवाल्यांनी ग्वार्दिओलाला भारताची हवा मानवेल की नाही, यावर एक मोकळा तास खर्ची घातला होता.

चाळण लागून तीन नावे उरली. पूर्वी दोनदा भारताचा संघ सांभाळलेले इंग्लंडचे स्टीफन कॉन्स्टंटाइन, स्लोव्हाकियाचे स्टेफान तारकोविच आणि आपले खालिद जमील.

“तारकोविचने युरोपच्या अजिंक्यपदाच्या स्पर्धेत आपल्या देशाचा संघ उतरवला आहे,” भूगोलवाले म्हणाले. “आणि जमीलने? ऐजॉल!”

मी हे साताऱ्याला मामांच्या कानावर घातले. मामा म्हणाले, “तुझ्या त्या भूगोलवाल्याला सांग, ज्यानं ओल्या लाकडावर भाकरी भाजली, त्यालाच जाळ किती घालायचा ते कळतं.”

ऐजॉलची हकिकत खरोखरच ओल्या लाकडावरच्या भाकरीची आहे. मिझोरमच्या राजधानीतला हा क्लब 2016 मध्ये आय-लीगमधून खाली घसरला होता. गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून त्याला जागा परत मिळाली. जमील यांचाही मुंबईच्या संघाशी असलेला सुमारे सात वर्षांचा संबंध नुकताच सुटला होता. दोघे एकत्र आले, आणि 30 एप्रिल 2017 रोजी शिलाँगला 1-1 अशी बरोबरी साधून ऐजॉलने विजेतेपद घेतले. ऐजॉलचे गुण 37, मोहन बागानचे 36. बागानची स्थापना 1889 ची! ईशान्येकडच्या क्लबाने देशाची मुख्य लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ.

पुढची हकिकत मात्र मामांना सांगताना मला अवघड जाते. त्याच वर्षी इंडियन सुपर लीग या श्रीमंत स्पर्धेत दोन संघ नव्याने आले, बंगळूर आणि जमशेदपूर. एकामागे जिंदाल, दुसऱ्यामागे टाटा. देशाचा विजेता ऐजॉल दाराशी उभा राहून आत घ्या म्हणत होता. पण तिथल्या जागा विजयाने मिळत नव्हत्या, निविदेने मिळत होत्या. इंग्लंडातला लेस्टर सिटी 2014 मध्ये खालच्या श्रेणीतून जिंकून वर आला आणि 2016 मध्ये अजिंक्य ठरला. नऊ महिन्यांनी त्याने आपल्या रानिएरीला काढून टाकले ही गोष्ट वेगळी. कृतघ्नपणाला लहानमोठे नसते. पण तिथे शिडी तरी होती. आमच्याकडे शिडीवर कोणाला चढवायचे याचा वाद महिनाभर चालतो, आणि ती भिंतीला लावलेली आहे की नाही हे कोणी पाहत नाही.

ऑगस्टमध्ये जमील यांची नेमणूक झाली. मामांनी पेढे वाटले. ऑक्टोबरात मडगावला सिंगापूरने आपल्याला 2-1 असे हरवले आणि 2027 च्या आशिया चषकाचे दार मिटले. दुसऱ्या दिवशी भूगोलवाले हसतमुखाने वर्गावर गेले. देश हरला तरी माणसाचे मत जिंकू शकते, ही या खेळाची खरी गोडी.

पण लहानांच्या पायरीचा हा प्रश्न आमच्या घरातच येऊन उभा राहील, असे मामांना वाटले नव्हते. माझा भाचा सतरा वर्षांचा, साताऱ्यात गोलरक्षक. त्याला कोल्हापूरच्या एका तालमीच्या संघाने बोलावले. कोल्हापुरात कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉल जोपासला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही तालमींची नावे तिथे पोरांना पाढ्यांसारखी पाठ असतात, आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठाच्या पेठा लोटतात. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

बहिणीला बारावीची काळजी. मामांना अब्रूची. “1731 साली वारणेचा तह झाला तेव्हापासून हद्दी ठरल्या आहेत,” ते म्हणाले. “थोरल्या गादीच्या गावचा मुलगा धाकट्या गादीकडे चाकरीला जाणार?” सांगलीला तर ते अजून ‘दक्षिण सातारा’च म्हणतात, ते नाव 1960 सालीच गेले, हे त्यांनी मान्य केलेले नाही.

भाचा शांतपणे बुटांचे बंद सोडत होता. म्हणाला, “आजोबा, तिथं मी चेंडू अडवला तर हजारो माणसं ओरडतात. इथं मागच्या सामन्याला एकटे तुम्ही होतात. आणि मी पेनल्टी अडवली, तेव्हा तुम्ही ऐजॉलची बातमी वाचत होतात.”

मामा गप्प झाले. मीही झालो, कारण मी तर त्या सामन्याला गेलोच नव्हतो.

लहान क्लबाचा मान महासंघाच्या दिल्लीच्या कचेरीत ठरतो, प्रशिक्षकाच्या खुर्चीवर ठरतो, निविदेच्या पाकिटात ठरतो, हे सगळे खरे. पण त्याची पहिली पायरी गावातल्या मैदानाच्या कडेलाच असते, आणि ती बहुधा रिकामी असते. ऐजॉलसाठी आम्ही हळहळतो, कारण ऐजॉल लांब आहे. त्यासाठी उन्हात उभे राहावे लागत नाही.

भाचा बारावीची परीक्षा आटोपली की कोल्हापूरला जायचा आहे. ते मामांना अजून पसंत नाही. मात्र गेल्या रविवारी त्यांनी छत्री काढली, चष्मा पुसला आणि बहिणीला विचारले, “सामना किती वाजता आहे गं?” वर्तमानपत्र खुर्चीवरच राहिले होते. ते विसरले होते की मुद्दाम ठेवले होते, हे मी विचारले नाही.